चौदावा रकाना

देवमन तायडेनं बाराव्या पोत्याची सुतळी दातानं तोडली, पोतं कलतं केलं आणि आतले सगळे नट ढिगावर ओतले. लोखंडाचा असा काही खणखणाट झाला की शेडच्या आढ्यावरची कबुतरं फडफडत बाहेर गेली. अकरा पोती हमालांनी ओतली होती. बारावं त्यानं मुद्दाम स्वतः घेतलं. मग गुडघ्यांवर बसून त्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातले आणि नट खालीवर केले, इतके की कुठला नट कुठल्या पोत्यातला हे आता कोणाच्या बापालाही सांगता येऊ नये.

"येगळे राहू द्या म्हनलं होतं, बाबू," खुशालराव म्हणाले.

"काहून?"

"आजवर येगळेच ठेवले."

"ते समजलं. मी कारण विचारून राहिलो."

खुशालरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या कॅप्टन सेनकडे पाहिलं. कॅप्टनसाहेबांच्या हातात व्हर्नियर कॅलिपर होता. पोती ओतायच्या आधी त्यांनी पोत्यांच्या दोन्ही रांगांतले पाच-पाच नट स्वतः मोजले होते आणि दहाच्या दहा सारखे भरले होते.

"सायबानं मोजले ना? मंग झालं," असं म्हणून खुशालरावांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि ते शेडच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले.

ही गोष्ट चौसष्ट सालची, ऐन जानेवारीतली. चीनच्या लढाईनंतर लष्करानं अकोल्यात, मूर्तिजापूर रस्त्याला, कापसाच्या, बंद पडलेल्या एका जिनिंगची तीन शेडं भाड्यानं घेतली होती आणि तिथं ट्रकांच्या सुट्या भागांचा डेपो थाटला होता. भाग तरी कुठले, साऱ्या जगाचे: दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रजी गाड्यांचे, अमेरिकन गाड्यांचे, आता आपल्याकडे जुळवायला लागलेल्या नव्या गाड्यांचे. एकाच वॉशरला तीन नावं आणि पाच नंबर. एका डेपोत वॉशर नाही म्हणून गाडी महिनाभर उभी राहायची, आणि दुसऱ्या डेपोत तोच वॉशर दुसऱ्या नंबराखाली पोत्यानं पडलेला असायचा. म्हणून वरच्या कचेरीनं फर्मान काढलं: एक वस्तू, एक क्रमांक. प्रत्येक डेपोनं आपली प्रत्येक वस्तू मोजावी, तेरा रकान्यांच्या कार्डावर उतरवावी, आणि जी दुबार निघेल तिचा नंबर रद्द करावा.

देवमनला हे फर्मान मनापासून आवडलं होतं. कारकुनाला फर्मान आवडावं ही तशी नवलाचीच गोष्ट, पण आवडलं होतं. अंजनगावजवळच्या त्याच्या खेड्यात शाळेतली त्याची बसायची जागा वेगळी होती, पाण्याचा पेला वेगळा होता, मास्तरांची छडीसुद्धा त्याच्यासाठी लांबून फेकायची वेगळी होती. छप्पन साली घर बौद्ध झालं. तो अमरावतीला राहून मॅट्रिक झाला, घराण्यातला पहिला सरकारी नोकर झाला. तरी 'वेगळं' हा शब्द कानावर पडला की त्याचं डोकं अजून फिरायचं. आणि इथं सरकार स्वतःच सांगत होतं की वस्तू कुठून आली, आधी कोणाच्या घरात होती ते विचारू नका. माप घ्या, आणि माप सारखं असेल तर नंबर एकच द्या. याहून न्यायाची गोष्ट त्यानं कुठल्या सरकारी कागदावर वाचली नव्हती.

खुशालरावांची तऱ्हा उलटी. याच जिनिंगमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं फिटरकी केलेली. जिनिंग बंद पडलं आणि लष्करानं शेडांबरोबर त्यांनाही ठेवून घेतलं, स्टोअरमन म्हणून, रोजावर. घरची थोडी काळी जमीन होती, ती भाऊ पाहायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. माल त्यांनी आपल्या पद्धतीनं लावला होता: एका कामाला जे जे उघडावं लागतं ते ते एका पोत्यात. चाकाच्या नटांची मात्र बारा पोती, सहांची एक रांग भिंतीच्या या बाजूला, सहांची त्या बाजूला. जुन्या इंग्रजी यादीत त्यांना दोन नंबर होते, पण का ते सांगणारं पान वाळवीनं खाल्लं होतं. देवमननं मापं घेतली, सारखी निघाली, आणि म्हातारा म्हणतो वेगळे ठेवा. का, तर आजवर ठेवले. हे उत्तर देवमननं लहानपणापासून इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की त्या दिवशी त्यानं बारावं पोतं स्वतःच्या हातानं ओतलं.

बाकी दुबार शोधायच्या कामात सुख कमी आणि वैतागच फार. पहिली चारशे कार्डं वरून परत आली, कारण मापं इंचात होती आणि देशात आता मिलिमीटर सुरू झाले होते. मिलिमीटरमध्ये करून पाठवली, तर पुन्हा परत: इंचही द्यावेत. दोन्ही दिले, तर शाई निळी का? शाई काळी केली, तर कार्डाला दोरा ओवायचं भोक ठरल्यापेक्षा खाली का पाडलं? देवमन भोकं बुजवायला खळ लावून कागदाच्या टिकल्या चिकटवत बसायचा, आणि डेपोतला गोवर्धन फिटर येता-जाता विचारायचा, "बाबू, आपली लढाई चीनसंगं हाये का कारडासंगं?"

चाकाच्या नटाचं कार्ड मात्र पहिल्या फटक्यात पास झालं. वर शाबासकीच्या दोन ओळी आल्या. कॅप्टनसाहेबांनी त्या वाचून दाखवल्या आणि पक्के, म्हणजे कायम, करायच्या कारकुनांची यादी मार्चअखेर जाणार होती, तीत देवमनचं नाव सगळ्यात वर घातलं. हे नाव वर असणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. देवमनची जागा कार्डांपुरती होती. कार्डं जूनअखेर संपणार, आणि तोवर पक्का झाला नाही तर कार्डांबरोबर तोही संपणार. कौशल्यानं, त्याच्या बायकोनं, चांदूर बाजारला भावाला कळवूनसुद्धा टाकलं होतं की हे पक्के झाले. अजून झालो नाही असं देवमन म्हणाला, तर म्हणाली, "आता काय उरलं मंग?"

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, गोवर्धन डेपोच्या स्वतःच्या जुन्या ट्रकचं चाक बदलत होता. देवमनला चिठ्ठी देऊन त्यानं दहा नट नेले होते. अर्ध्या तासानं तो ग्रीसनं बरबटलेल्या हातांनी तसाच टेबलापाशी आला आणि त्यातले पाच नट त्यानं कार्डांवर ठेवले.

"कार्डावर काहून ठेवतोस?" देवमन वैतागला. "डाग पडला त परत लिहावं लागते मले."

"हे पाच लागत नाही. बाकीचे पाच लागले."

"सारखेच हायेत ते."

"चला मंग. तुमीच लावून द्या."

देवमन गेला. ट्रकच्या खाली दगड लावलेले, चाक अर्धवट बसवलेलं. गोवर्धननं एक नट त्याच्या हातात दिला. देवमननं तो बोल्टवर टेकवला आणि फिरवला. नट धरेना. त्यानं तो पालथा करून पाहिला, फुंकर मारून पाहिला, शर्टाला पुसून पाहिला. मग गोवर्धननं बसलेल्या नटांपैकी एक काढून दिला, त्याचं मनगट धरलं आणि उलटं फिरवलं. नट सरसर आत गेला.

"हे चाक कोनत्या अंगचं?"

"डाव्या."

"इंग्रजी गाडीच्या डाव्या चाकाचे आटे उलटे राह्यते. सुलटे असले त गाडी पळता पळता नट आपोआप ढिला होते. तुमाले माहीत नाही?"

देवमनला माहीत नव्हतं. त्यानं व्यास मोजला होता, जाडी मोजली होती, वजन केलं होतं, एका इंचात किती आटे बसतात ते गेज लावून पाहिलं होतं, धातू लिहिला होता. तेरा रकाने, आणि तेराही भरलेले. आटे कोणत्या अंगानं फिरतात हे विचारणारा रकाना त्या कार्डावर नव्हताच.

"समज, ड्रायव्हरनं जोर लावून बसवला," तो म्हणाला. "तर?"

"बसन ना. दोन-तीन आटे कापून बसन. पाहनाऱ्याले वाटन चाक टाइट हाये." गोवर्धननं फडक्याला हात पुसले. "सपाटीले चालन थोडं. घाटात गेली गाडी, की चाक एकीकडे अन् गाडी एकीकडे."

तिसऱ्या शेडमध्ये बारा पेट्या खिळे ठोकून तयार होत्या. सहा हजारांवर नट, अर्धे सुलटे, अर्धे उलटे, साऱ्यांवर एकच नंबर, देवमननं मिळवलेला. सोमवारी सकाळी त्या मालधक्क्यावर जाऊन मालगाडीच्या वाघिणीत चढणार होत्या आणि पार पूर्वेकडच्या डोंगरातल्या तुकडीला पोचणार होत्या. देवमन तिथंच चाकापाशी उकिडवा बसला. गोवर्धननं त्याला पाणी आणून दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं.

कॅप्टन सेन तसे वाईट नव्हते. पोटाच्या दुखण्यानं बेजार आणि अकोल्याच्या उन्हानं त्याहून बेजार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन्ही नट उजेडात धरून पाहिले. नटांचा नंबर छापून गेला होता. तो आता फिरवायचा म्हणजे वरून चौकशी येणार. पेट्या सोमवारी दुपारपर्यंत मी अडवतो, ते म्हणाले, त्यापुढे माझ्या हातात नाही. तोवर काय करायचं ते करा, आणि चूक कशी झाली ते मला पत्रात लिहून द्या. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"लिख दो, स्टोअरमैन ने बताया नहीं। झूठ तो नहीं है?"

झूठ नव्हतं, हीच तर पंचाईत होती. खुशालरावांनी आट्यांचं खरंच काही सांगितलं नव्हतं. रोजावरचा माणूस, सोमवारपासून येऊ नका म्हटलं की संपलं. यादीत देवमनचं नाव होतं तिथंच राहिलं असतं, आणि कोणीही त्याला खोटारडा म्हणू शकलं नसतं.

दिवेलागणीला तो मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात, खुशालरावांच्या घरी गेला. रस्ताभर त्याचा राग चढत गेला होता. खुशालराव अंगणात बाज विणत होते. पाय लाकडावर रोवून दोरी ओढत होते.

"तुमाले माहीत होतं," देवमन उभ्या उभ्याच म्हणाला.

"कोनतं?"

"उलट्या आट्याचं."

खुशालरावांनी दोरीला गाठ मारली. "बत्तीस साल फिटरकी केली, बाबू. आटा मले अंगठ्यानं समजते."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुमी मोजून राहिले होते ना. सायेब बी मोजून राहिला होता. मले वाटलं, यायले लय समजते, त समजू द्या."

"सहा हजार नट हायेत, खुशालराव. डोंगरात चाललेत. कोणाची पोरं असतीन त्या गाड्यांत."

म्हाताऱ्याचा हात दोरीवरच थांबला. "मले वाटलं अठीच, अकोल्यात, लागतीन. एखाद्या गाडीले लावतीन, लागनार नाही, अन् बाबू माह्याकडे येतीन इचारत. पेट्या भरून इतक्या दूर धाडतीन हे नाही आलं ध्यानात." त्यांनी दोरी बाजूला ठेवली. "रागच आला होता मले."

"कशाचा? मी बाबू झालो याचा?"

घरातून खुशालरावांची बायको माणिकबाई चहा घेऊन आल्या होत्या, त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. खुशालरावांनी बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"थोडा तो बी असन," ते म्हणाले. "खोटं नाही बोलत."

देवमनला वाटलं होतं की हे ऐकलं की आपण पेटून उठू. तसं काही झालं नाही. उलट तो बाजेच्या नुसत्या लाकडावर बसला, दोरी अजून अर्धीच विणलेली होती. इतक्या वर्षांत हे असं तोंडावर, मान खाली घालून का होईना, कोणी त्याला म्हटलं नव्हतं. सगळे जण कसे गोड बोलायचे आणि करायचं ते करायचे.

"तुमी येगळे ठेवा म्हनलं अन् माहं डोकं फिरलं," तो म्हणाला.

"त्यात डोकं फिरायसारखं का होतं?"

आता कारण द्यायची पाळी देवमनची होती, आणि त्यालाही ते देता येईना. शाळेतला तो पेला खुशालरावांच्या अंगणात आणून ठेवायला त्याची जीभ रेटली नाही. माणिकबाईंनी चहाचे कप दोघांच्या मध्ये ठेवले. चहा फार गोड होता. त्यानं तो सगळा प्यायला.

"उद्या आइतवार हाये," खुशालराव शेवटी म्हणाले. "सकाळीच येतो मी."

रविवारी सकाळी सातला त्यांनी पहिल्या पेटीचे खिळे उपटले. गोवर्धननं भंगारातला एक उलट्या आट्यांचा बोल्ट शिकंज्यात पकडून दिला होता आणि तो लग्नाला निघून गेला होता. देवमन एकेक नट त्या बोल्टवर टेकवायचा, अर्धा वेढा द्यायचा, धरला तर डावीकडे टाकायचा, नाही धरला तर उजवीकडे. खुशालरावांना बोल्ट लागतच नव्हता. ते नटात अंगठा घालायचे, जरासा फिरवायचे आणि टाकून मोकळे व्हायचे. देवमनचा एक नट होईतो त्यांचे चार व्हायचे. नऊ वाजेपर्यंत पत्रे तापले, आणि दोघांचे सदरे पाठीला चिकटले.

"दाखवा मले," देवमन म्हणाला.

"डोळे झाका आधी. डोळ्याचं काम नाही हे. आता आटा तुमच्या अंगठ्याले कोन्या अंगानं ढकलून राहिला?"

"समजत नाही."

"समजन. घाई नोका करू."

पहिले पन्नास चुकले. खुशालराव ते मुकाट्यानं उचलून दुसरीकडे टाकत राहिले. मग हळूहळू अंगठ्याला कळू लागलं. देवमनला आनंद व्हायला हवा होता, पण त्याला संतापच आला, स्वतःचाच. तीन हजार वस्तू त्यानं मोजल्या होत्या, तोलल्या होत्या, काळ्या शाईनं लिहिल्या होत्या, आणि त्यातली एकही कधी अशी हातात घेऊन पाहिली नव्हती. बोट चिरलं, त्याला चिंधी बांधली, आणि तो पुढचा नट उचलत राहिला. दुपारी माणिकबाईंनी दिलेल्या भाकरी दोघांनी शेडच्या दारात बसून खाल्ल्या. चारच्या सुमाराला शेवटची पेटी संपली. सुलटे तीन हजार सव्वीस, उलटे दोन हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी.

पेट्या भरल्या, पण नंबर अजून एकच होता, तो बदलायचा अधिकार अकोल्यात कोणाला नव्हता. देवमननं लाल रंगाचा डबा आणला आणि उलट्या नटांच्या सहा पेट्यांवर चारी बाजूंनी हातभर पट्टा ओढला. बरोबरच्या कागदावर पट्ट्याचा अर्थ लिहिला. सोमवारी कॅप्टनसाहेबांनी ते पट्टे पाहिले, असा रंग लावायला नियम नाही असं पुटपुटले आणि मालधक्क्याची गाडी सोडायला सांगितली.

मग त्यांनी पत्र वाचायला घेतलं. देवमननं ते रविवारी घरी लिहून काढलं होतं, एकदाच, खाडाखोड न करता. कार्डावर आट्यांची दिशा लिहायला रकाना नाही, तो असावा. नसल्यामुळे दोन भिन्न वस्तू एक ठरल्या. आणि खाली: स्टोअरमननं त्या वेगळ्या ठेवायला सांगितलं असताना मी त्या मिसळल्या.

"मैंने जो कहा था, वो नहीं लिखा."

"नाही साहेब."

"और ये क्यों लिखा?"

ते लिहिल्याशिवाय पत्र पुरं होत नव्हतं, एवढंच देवमनला माहीत होतं. कॅप्टनसाहेबांनी पत्रावर सही केली, आणि खणातून पक्क्या कारकुनांची यादी काढून तीतलं पहिलं नाव लाल पेन्सिलीनं खोडलं. त्यांनी ते देवमनच्या समोरच केलं, मागून केलं नाही, हे देवमनला बरं वाटलं.

घरी कौशल्याला बरं वाटलं नाही.

"तुमी लिवलं? स्वतःच्या हातानं?"

"व्हय."

"अन् त्या म्हाताऱ्यानं काय लिवलं?"

"त्याले लिहिता येत नाही."

"तेच म्हनते मी," ती म्हणाली. दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी त्याच्या बोटावरची चिंधी बदलताना ती रडली, आणि भावाला आता काय कळवू म्हणाली.

एप्रिल गेला, मे गेला. वरून पत्राला पोच नाही, चौकशी नाही, शिवी नाही, काहीच नाही. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये तसं झालं. देवमन रणरणत्या उन्हात उरलेली कार्डं संपवत होता. आपण आपल्याच हातानं नोकरी संपवत आहोत हे त्याला रोज दिसत होतं, तरी कामात कुचराई करायचा त्याचा स्वभाव नव्हता. अमरावतीच्या एका शाळेत कारकुनाची जागा होती, तिथं त्यानं अर्ज केला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात चार हजार एकशे सहावं कार्ड लिहून झालं आणि त्यानं दौतीला बूच लावलं.

दुसऱ्याच दिवशी स्टेशनवरून आठ गठ्ठे आले. कॅप्टनसाहेबांनी वरचा कागद वाचला, दोनदा वाचला, आणि देवमनच्या टेबलावर सरकवला. सध्याचा नमुना अपुरा आढळल्यामुळे तो रद्द करण्यात येत आहे. सर्व डेपोंनी सर्व वस्तूंची कार्डं सोबतच्या नव्या नमुन्यावर नव्यानं लिहावीत. जुन्या कार्डांना इथून पुढे मान्यता नाही. त्याला टाचलेला दुसरा कागद देवमनच्या जागेचा होता: पुनर्लेखनासाठी मुदत एक वर्ष वाढवली, तात्पुरती.

देवमननं एक गठ्ठा सोडला आणि वरचं कोरं कार्ड काढलं. रकाने टाकानं मोजले. चौदा होते. चौदाव्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलं होतं: आट्यांची दिशा, डावी की उजवी. पत्राचा उल्लेख कुठंही नव्हता. त्यानं कागद उलटून पाहिला, मागेही नव्हता.

"का आलं?" खुशालराव शेजारी येऊन उभे राहिले होते.

"नवी कार्डं."

"जुनी कारडं?"

"रद्द."

"सारी?"

"साऱ्या देशातली." देवमननं चौदाव्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे पाहा. आटा कोणत्या अंगाचा ते इथं लिहायचं. आता प्रत्येक डेपोनं लिहायचं."

खुशालराव वाकले. न वाचता येणाऱ्या त्या अक्षरांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"कोनाचं नाव लिवलं हाये?"

"कोणाचंच नाही."

"बरं झालं," खुशालराव म्हणाले. "परत सारी कारडं लिवा म्हनल्यावर गावोगावच्या बाबूनं त्या नावाले काय काय हासडलं असतं."

देवमन हसला. मार्चपासून पहिल्यांदाच हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले, ते त्यानं बाहीला पुसले. चार हजार एकशे सहा कार्डं. इंच, मिलिमीटर, काळी शाई, भोक ठरल्या जागी. वर्षभर पुन्हा तेच, आणि वर्ष संपलं की नोकरीचा पुन्हा हाच घोर. त्यानं दौतीचं बूच काढलं आणि पहिलं कार्ड पुढ्यात घेतलं. पहिली वस्तू पाण्याच्या नळीची आट्यांची जोडणी होती. तेरा रकाने त्यानं जुन्या कार्डावरून उतरवले. मग टाक खाली ठेवला, रॅकवरून ती जोडणी आणली, खुशालरावांच्या हातात दिली आणि कोपऱ्यातलं स्टूल टेबलाकडे ओढलं.

"बसा. हे तुमचं काम हाये."

खुशालराव आधी उभेच राहिले. बाबूच्या टेबलाशी ते आजवर कधी बसले नव्हते. मग त्यांनी धोतराला दोन्ही हात पुसले, स्टूल आणखी जरा पुढे सरकवलं आणि बसले.